जस्तवाल्यांचं निकेल

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे जस्तवाले म्हणायचे, अगदी तोंडावर. वीस वर्षांपूर्वी एका प्रथिनाच्या स्फटिकात त्यांना धातूचा अणू दिसला आणि तो जस्ताचा आहे असं त्यांनी छापून आणलं. आयुष्यात नाव झालं ते तेवढ्या एका गोष्टीने. मी शेजारच्या खोलीत स्फटिक गोठवून ठेवायच्या द्रव नायट्रोजनच्या टाक्या सांभाळते, त्यामुळे हा माणूस मला पुरता ठाऊक. बायको गेल्यापासून दुपारचा डबाही संगणकाच्या पडद्याकडे तोंड करून खायचे. मी कितीदा म्हटलं, "इकडे या हो, दोन घास बोलत बोलत खाऊ." "येतो, येतो," म्हणायचे. आले असतील तर शपथ!

बायकोही इथलीच. त्या प्रथिन शुद्ध करून स्फटिक वाढवायच्या, आणि हे क्ष-किरण टाकून आत काय आहे ते बघायचे.

यंदा परक्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंचं पत्र आलं. जस्ताभोवती सहसा चार शेजारी अणू असतात, तुमच्या अणूभोवती सहा दिसतात, जरा पाहाल का? यांचा पारा चढला. दोन दिवस नुसती धुसफूस. उत्तर दिलं नसतं तरी कोण विचारणार होतं? पण तिसऱ्या दिवशी माझ्या दारात हजर. "आमचा एखादा जुना स्फटिक उरलाय का हो टाकीत?"

उरला होता. अगदी तळाशी, बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेला. चिठ्ठी त्यांनी खिशात घातली.

मग क्ष-किरण असे नेमून लावले की निकेल असेल तर पडद्यावर त्या अणूच्या जागी ठिपका ठळक उठावा, जस्त असेल तर नाही. मी मागे उभी होते. ठिपका असा उठला की मलासुद्धा कळलं.

प्रथिन शुद्ध करायच्या नळीत निकेल भरलेलं असतं. ते कधी कधी सुटतं आणि प्रथिनात जाऊन बसतं. "म्हणजे चूक तिच्याकडून झाली," ते पुटपुटले. मला असा संताप आला म्हणून सांगू! गेलेल्या माणसावर ढकलायला काय जातं? कपाटातून त्यांच्या बायकोची जुनी वही काढली आणि त्यांच्यापुढे आपटली. "घ्या, बघा काय झालं ते."

त्यांनी तारीख शोधली. मीही वाकून वाचलं. 'नळीतून उतरलेलं पाणी हिरवट. निकेल सुटत असावं. यांना म्हटलं, धातू एकदा तपासा. हसले.'

"मला आठवतच नाही हो," ते म्हणाले. "काहीच आठवत नाही." माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं.

त्यांनी नियतकालिकाकडे दुरुस्ती पाठवली: 'धातू निकेल आहे. माझ्या सहलेखिकेने, माझ्या पत्नीने, हे तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.' शेवटचं वाक्य गाळावं, असं संपादकांनी कळवलं. हे हटूनच बसले. "बाकी सगळं गाळा, तेवढं ठेवा." शेवटी छापलं बुवा.

अंक आला त्या दुपारी ते पहिल्यांदा माझ्या खोलीत डबा घेऊन आले. स्टुलावर बसले, अंक मांडीवर उघडा.

"ती बरोबर होती," म्हणाले. "आता हे सांगू कुणाला?"

डबा त्यांनी उघडलाच नाही.