ह्या माणसाकडं घड्याळ न्हाय

कॅमेऱ्यासमोर जायच्या आधी तात्या मनगटावरचं घड्याळ काढायचे, जो कोण जवळ उभा असेल त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "धर. ह्या माणसाकडं घड्याळ न्हाय."

हा माणूस म्हणजे त्या दिवशी ते जो रोल करणार तो. दूधवाला, शाळेचा शिपाई, असाच कोणीतरी. एकदा मी म्हटलं, "तात्या, पोस्टमनकडं तरी असतंय की घड्याळ!" तर म्हणाले, "ह्याचं बंद पडलंय. म्हनून तर पत्र उशिरा आलं." स्क्रिप्टमध्ये असलं काही नव्हतं. मी वाचून खात्री केली.

तुम्ही बारामतीच्या एसटी स्टँडवर कधी ताटकळला असाल, तर तात्यांना तुम्ही ओळखता. तोंडानं नाही, आवाजानं. कंट्रोलच्या खोलीत बसून ते गाड्या पुकारायचे. "इंदापूरकडे जाणारी... सणसरमार्गे..." सणसर म्हणताना आवाज असा खाली बसायचा, जसं काय गाडीच्या आधी तेच तिथं उतरलेत. गावच ते त्यांचं.

नववीत शाळेच्या गॅदरिंगला मी तो आवाज काढून मोरगावची गाडी पुकारली. पोरं बाकांवर चढली. दुसऱ्या दिवशी स्टँडवरनं चाललो होतो, तर कंट्रोलच्या खिडकीतनं एक हात बाहेर आला. "ए मोरगाव! हिकडं ये." मला वाटलं, आता कानाखाली. तात्या म्हणाले, "गाडी चांगली सोडलीस काल. पन मोरगाव चार नंबरला लागती, तू दोनला लावलीस. मानसं चुकत्यात अशानं." तेव्हापासून मी 'मोरगाव'. खरं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

त्यांची धाकटी बहीण डायरेक्टर. पाच पिक्चर केले तिनं, पाचही ह्याच भागात, आणि पाचही पिक्चरमध्ये तात्या. हिरो नाही, व्हिलन नाही, दारात येणारा माणूस. दार वाजतं, उघडतं, तात्या उभे असतात. काहीतरी देतात किंवा सांगतात आणि जातात. आत या म्हणून कुणी म्हणत नाही. घरी बहिणीला ते 'छकुले' म्हणायचे, पण सेटवर 'मॅडम'. आम्ही बाकीचे 'ताई'.

"मॅडम, मी कुठनं येऊ?"

"दारातनं, दादा. आणखी कुठनं येतोस तू?"

कन्हेरी गावात शूटिंग बघायला जमलेल्यांतला एकजण बोललाच, "तात्या, भैन डायरेक्टर, आन् तुमाला एका बी पिक्चरमदी साधी खुर्ची न्हाय?"

"खुर्ची हाय की स्टँडवर," तात्या म्हणाले. "तीस वर्सं बसलोय तिच्यावर. आता जरा हुबं राहू द्या."

पुढं मी लग्नाबिग्नात मिमिक्री करायला लागलो. तात्या हा माझा हमखास टाळीचा आयटम. दार वाजवायचं, उभं राहायचं आणि गाडी पुकारल्यासारखं म्हणायचं, "दूध आणलंय... सणसरमार्गे..." लोक लोळायचे. माझं म्हणणं एवढंच, की पिक्चर कुठलाही असो, हा माणूस तोच असतो. सदरा बदलतो, तात्या नाही.

पाचव्या पिक्चरला घोळ झाला. शूटिंग सणसरला, ऐन गळीत हंगामात, आणि घर निवडलेलं कारखान्याच्या रस्त्याला लागून! जन्म तिथंच गेलेल्या माणसांनी करावं हे? उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर गाणी ठणाणा. तात्या रानातला राखणदार. दिवस मावळताना दारात येऊन शेजारणीला सांगतो, "वहिनी, दार लावून घ्या. आज कोन येनार न्हाय." तिचा नवरा कायमचा निघून गेलाय, हे त्या एवढ्याच शब्दांत कळायला पाहिजे. तात्यांनी केलंही तसं. फक्त रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्या शब्दांवर ट्रॅक्टरचा डीजे नाचत होता.

"असू दे," ताई म्हणाल्या. "डबिंगला घेऊ."

डबिंगच्या आधी तात्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला.

मला ताईंचा फोन आला. "तू दादाचा आवाज काढतोस ना? जमला तर सीन राहील, नाहीतर कापायचा. परका आवाज मी दादाच्या तोंडात घालणार नाही."

मी तात्यांच्या घरी गेलो. तात्या कॉटवर, गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी-पेन्सिल. मी उभा राहून म्हटलं ते वाक्य. अगदी हुबेहूब तात्या! आतनं काकू पळत आल्या आणि पदर डोळ्याला लावून तिथंच थांबल्या. मला वाटलं, जिंकलो.

तात्यांनी पाटीवर लिहिलं, "हा ष्टँडवरचा मी. राखणदार कुठं हाय?" मग पुसून दुसरं लिहिलं, "आधीचे चार पिक्चर ऐक. डोळे मिटून."

ऐकले. आणि तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला. दूधवाल्याचा आवाज पहाटेचा, घसा अजून उघडलेला नाही. शिपाई प्रत्येक वाक्याचा शेवट गिळतो, साहेब रागावतील म्हणून. पोस्टमन दम लपवत बोलतो. देवळातला गुरव शब्द सोडून देऊन थांबतो, गाभाऱ्यात घुमायला जागा ठेवतो. चौघांत एकही तात्या नाही! अख्ख्या तालुक्याच्या कानात बसलेला आवाज, आणि तो ह्या माणसानं आमच्याच समोर लपवून ठेवला होता. मी दहा वर्षं ज्याची नक्कल करून टाळ्या घेतल्या, तो त्यातल्या एकाही पिक्चरमध्ये आलाच नव्हता.

स्टुडिओत तात्या पाटी घेऊन माझ्या शेजारी बसले. तीन टेक झाले, तीनदा मान नकारार्थी हलली. काचेपलीकडं ताई नुसत्या ओठ चावत होत्या. तात्यांनी लिहिलं, "सकाळधरनं कुनाशी बोलला न्हाय त्यो."

मी गप्प बसलो. दहा मिनिटं कुणाशीच बोललो नाही, आणि माझ्यासारख्याला ती उपासासारखी गेली. मग मनगटावरचं स्मार्टवॉच काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "धरा तात्या. ह्या माणसाकडं घड्याळ न्हाय."

त्यांनी ते उलटंपालटं केलं, खिशात टाकलं आणि पडद्याकडं बोट दाखवलं.

"वहिनी..."

आवाज गंजलेला आला. माझा नव्हता आणि तात्यांचाही नव्हता. वाक्य संपलं आणि पाटीवर पेन्सिल वाजली. "मोरगाव, गाडी टायमावर. फलाट बी बराबर."

पिक्चर लागायच्या आधी तात्या गेले.

सणसरला पडदा लावून दाखवला, तेव्हा माझ्या मागं एक म्हातारबा शेजारच्याला म्हणाले, "आवाज बघ, शेवटपर्यंत कसा राहिला मानसाचा." मी वळलो नाही. आज पहिल्यांदा सांगतोय, तेही ताईंना विचारून.

पिक्चर तुम्हीही बघा. त्या सीनला मात्र कान सोडा आणि नजर त्यांच्या हातावर ठेवा. चौकटीला धरलेला हात उन्हानं रापलेला आहे, आणि मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी गोरी जागा आहे. त्या अख्ख्या पिक्चरमध्ये तात्या तेवढेच दिसतात.