मोठ्याईला धुऱ्यावर थांबवणाऱ्यांनो

मोठ्याई आज पहाटे गेली. आणि कृपा करून तिला कोणी लक्ष्मी म्हणू नका.

सकाळपासून घरच्या ग्रुपवर तेच चाललंय. आमच्या वावराची लक्ष्मी गेली. अन्नपूर्णा गेली. हात जोडलेले इमोजी, दिव्याचे फोटो.

लक्ष्मीला वावराबाहेर, धुऱ्यावर उभं करतात का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

मोठ्याई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको, अनसूया. महाराष्ट्र नवानवा झाला होता, तेव्हा ती लग्न होऊन अमडापूरकडच्या आमच्या गावात आली. थोड्याच वर्षांत मोठे बाबा तापानं गेले. मूलबाळ नव्हतं.

ती माहेरी गेली नाही. वावरात गेली.

त्यानंतर आमच्या घरात जे पेरलं ते तिच्या मुठीतून पडलं. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, बाबा, आई, आम्ही पोरं, सगळं घर वावरात राबायचं. पण तिफणीमागे बी सोडायला हात तिचाच लागायचा. तिथे विधवा चालायची.

कापूस फुटला की मात्र चालायची नाही.

आमच्याकडे पहिली वेचणी सीतादहीशिवाय होत नाही. कपाशीच्या झाडाखाली खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि थोडा वावरात शिंपडायचा. जमिनीनं दिलं, म्हणून पहिला घास तिला.

सुंदर रीत आहे. मला अजूनही आवडते. माझा राग रीतीवर नाही.

दही मोठ्याई लावायची. भात तीच शिजवायची. टोपलं डोक्यावर घेऊन तीच चालायची. आणि वावराची हद्द आली, धुरा आला, की थांबायची.

टोपलं आईच्या हातात. पूजा सवाष्णीनं करायची. हिनं लांबून हात जोडायचे.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. त्या साली सीतादहीच्या सकाळीच आईची पाळी आली. आजी आधीच वारलेली. घरात दुसरी सवाष्ण नाही, आणि बाहेरची चालत नाही.

बाबा चाचरत म्हणाले, "आबाजी, वहिनीच्या हातानं करू. कापूस पार फुटून राह्यला."

आबाजींनी वरसुद्धा पाह्यलं नाही. "चार दिवस थांबलं त काय बिघडते?"

थांबलो आम्ही. पांढरंशुभ्र वावर समोर, वेचणारे हात घरात, आणि सगळे बसून. कशासाठी, तर हिच्या हातचा दहीभात जमिनीला चालणार नाही म्हणून. जिच्या हातचं बी चाललं होतं.

मग पाऊस आला. कार्तिकातला, कुणी न बोलावलेला. झाडावरचा कापूस भिजून लोंबला, पिवळा पडला, अर्धा चिखलात गेला.

आणि माझे देवभोळे आबाजी, रोज सकाळी जमिनीला हात लावून कपाळाला लावणारे आबाजी, सगळ्यांसमोर काय म्हणाले?

"हे दरसाली धुऱ्यावर उभी राह्यते ना, म्हणून झालं."

पुढच्या वर्षापासून तिला धुराही बंद झाला. टोपलं अलीकडे, बैलगाडीच्या गाडरस्त्यावरच घेऊ लागले.

पाऊस उघडून आईची पूजा उरकली, त्या दिवशी ओल्या कपाशीत पहिली शिरली ती मोठ्याईच. पिवळं बोंड तोडायच्या आधी तिनं झाडाला दोन्ही हात लावले, कपाळाला टेकवले. म्हणाली, "देल्लं बाप्पा. लय देल्लं."

मी विचारलं, "मोठ्याई, तुले राग नाही येत?"

"येते ना वं. काऊन नाही येणार?" तिचे हात चालूच होते. "पण कापसावर कसा काढू? त्यानं काय केलं?"

मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. लय काय दिलं होतं तुला, मोठ्याई? कोणी दिलं होतं?

लोक म्हणतील, जुना काळ होता, सोडून दे. आबाजी गेले, काळ गेला.

मग आज दुपारचं ऐका.

तिला निरोप देऊन आल्यावर माझा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, आता सुतक हाये. सीतादही नंतर करू. रेखा करीन."

रेखा त्याची बायको. गुणी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी म्हणाले, "या साली मी करते."

तो हळूच म्हणाला, "ताई, तुले माहीत हाये ना. भाऊजी गेल्यापासून... लोकं काय म्हणतीन?"

हो. माझे मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली. तिच्याच अंगणात, तिची राख गरम असताना, माझ्या सख्ख्या भावानं मला धुऱ्यावर नेऊन उभं केलं. तोच भाऊ ग्रुपवर लक्ष्मी लिहितो.

तर हे सगळ्यांसाठी, जाहीर लिहिते.

त्या वावरात बाबांनी माझा वाटा ठेवलाय. सुतक फिटलं की मी बुलढाण्याहून दही लावून घेऊन येणार. धुरा ओलांडणार. खडे मांडणार. रेखाला यायचं असेल तर माझ्या शेजारी बसेल. ज्याला विटाळ वाटतो त्यानं गाडरस्त्यावर थांबावं, तिथून नीट दिसतं.

पाऊस आला तर माझ्या नावावर लिहा.

मोठ्याई, तू जा आता, सुखानं जा. भावपूर्ण श्रद्धांजली ग्रुपवर वाहून झालीये. माझी मी वावरात वाहीन, तुझं नाव मोठ्यानं घेऊन.