सादुल खाँचं मनगट

धोलासर गावात राखीपौर्णिमेची पहिली राखी दगडाच्या मनगटावर बांधली जाते. बसथांब्याजवळ लेफ्टनंट कर्नल उमेदसिंहांचा पुतळा आहे. त्यांची थोरली बहीण उगमकंवर थाळी घेऊन येते, पुतळ्याला टिळा लावते, राखी बांधते. तिथून ती चार घरं पलीकडे, दफेदार सादुल खाँच्या दारात जाते. पासष्टच्या लढाईत कर्नलांचा रणगाडा सादुल खाँ चालवत होता.

तो मिठाई खाई. राखी मात्र खिशात ठेवी.

या गावात कायमखानी मुसलमान भावांना राजपूत बहिणी पिढ्यान्‌पिढ्या राखी बांधत आल्यात, त्यामुळे तो धर्मापायी राखी बांधत नसेल, असा संशय कुणाला आला नाही. शेजारचा भंवरलाल म्हणे, "रेशमाची खाज सुटते म्हाताऱ्याला."

एका वर्षी उगमकंवरबाईंनी विचारलंच. "सदतीस वर्षं खिशात घालतोयस. मी काय खिशाला भाऊ मानलंय?"

"बाईसा, बसा. मग सांगतो."

त्यानं सांगितलं ते असं. सप्टेंबरातली सकाळ, उसाचं शेत, नुकतंच पाणी दिलेलं. कर्नलांचा हुकूम आला, "डावीकडे, सावकाश." ओल्या जमिनीत जड गाडी हळूहळू वळवायची असते, हे शिकाऊ चालकालाही ठाऊक असतं. सादुल खाँनं घाईनं वळवली. साखळी चाकांवरून उतरली आणि रणगाडा जागीच बसला.

दुसऱ्या गाडीत चला, असं वायरलेसवरून कर्नलांना दोनदा विनवण्यात आलं. ते म्हणाले, "गाडी हलत नसली तरी तोफ वळतेय." खालची माणसं साखळी चढवत होती आणि कर्नल वर झाकण उघडं ठेवून कमरेपर्यंत बाहेर उभे होते, कारण आतून उसापलीकडचं दिसत नव्हतं. मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला, तेव्हा त्यांनी पट्टा आवळून बांधला आणि पलटणीला हुकूम देणं चालू ठेवलं. तिथूनच त्यांनी एक तुकडी शत्रूच्या पाठीमागे वळवली. कर्नलांच्या तोफेनं शत्रूचे तीन रणगाडे फोडले.

दीड तासानं साखळी चढली. सादुल खाँनं खालून ओरडून सांगितलं. वरून उत्तर आलं नाही. नुकताच एक गोळा अगदी जवळ फुटला होता.

कर्नलांना मरणोत्तर मिळालेल्या सन्मानपत्रात साखळीचा उल्लेख नाही.

"म्हणजे गाडी अडकली ती तुझ्यामुळे," बाई म्हणाल्या.

"हो, बाईसा."

त्यांनी राखी परत थाळीत ठेवली आणि त्या निघून गेल्या. त्या वर्षी पुतळ्याच्या मनगटावर दोन राख्या होत्या. वाटेत भेट झाली तरी बाई पदर पुढे ओढून जात. सादुल खाँ बसथांब्याकडे फिरकेनासा झाला.

पुढच्या राखीपौर्णिमेला थाळी पुन्हा त्याच्या दारात आली.

"सादुल, असल्या चुकीला माझ्या भावानं काय शिक्षा दिली असती?"

सादुल खाँनं नीट विचार केला. "पंधरा दिवस कोठडी. आणि महिनाभर सगळ्या गाड्यांच्या साखळ्या घासायला."

"मी वर्षभर दिली. त्याच्यापेक्षा कडक निघाले."

"तुम्ही पहिल्यापासूनच कडक, बाईसा. साहेबही तेच सांगायचे."

"काय सांगायचा?"

"शत्रू परवडला, पण थोरली जिजी नको."

बाई हसल्या नाहीत. "हात पुढे कर," म्हणाल्या.

त्यानं केला. गाठ घट्ट बसली होती. भंवरलालनं कुंपणावरून विचारलं, "खाज सुटतेय का रे?"

"सुटतेय," सादुल खाँ म्हणाला आणि मिठाईला हात घातला.