खवखवलेली सोयरीक

वनस्पती शत्रूपासून स्वतःचा बचाव कसा करतात, हे मी कॉलेजात सत्तावीस वर्षं शिकवलं. त्यातलं मला स्वतःला काहीही कळलेलं नव्हतं, हे निवृत्तीनंतर आठव्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मुलीच्या होणाऱ्या सासरच्या मंडळींसमोर सिद्ध झालं.

आमच्या मुक्तानं खराडीच्या ऑफिसातला निनाद स्वतःच पसंत केला होता. मुलगा गुणी, आईवडील साधे. अडचण एकच, निनादची आत्या! शकूआत्या सदाशिव पेठेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात पडदेसुद्धा बदलत नाहीत. निनादला सांगून आलेल्या दोन मुली त्यांनीच नाकारल्या होत्या. एक फार हसते म्हणून, दुसरी अजिबात हसत नाही म्हणून.

"बाबा, प्लीज, आत्यांसमोर कमी बोला," मुक्तानं बजावलं.

"मी बोलतो कुठे? मी समजावून सांगतो."

"तेच नका सांगू!"

ठीक आहे म्हटलं, बोलून नाही तर करून दाखवू. मी जाहीर केलं की अळूवड्या मी करणार! आमच्या हिनं, म्हणजे सुनंदानं, कपाळाला हात लावला. "अहो, निदान अळू तरी मंडईतून आणा."

"मंडईतल्या पानांवर काय काय फवारलेलं असतं, तुला कल्पना नाही."

शनिवारी सकाळी मी मांजरीकडे कालव्याच्या कडेनं फिरायला गेलो, तर तिथं अळूचं रानच! एकेक पान सुपाएवढं, एकालाही कीड नाही, एकालाही भोक नाही. (ज्या पानाला किडासुद्धा तोंड लावत नाही, त्याला आपण का लावावं, हा प्रश्न वनस्पतीशास्त्राच्या माणसाला पडायला हवा होता. पडला नाही.) शेजारी गवत कापणाऱ्या एका काकांनी मला हटकलं.

"सर, ते रानातलं हाय. लई खाजतंय."

"काका, याचं शास्त्रीय नाव ठाऊक आहे का तुम्हाला?"

"न्हाई. पन खाजतंय."

मी त्यांना दहा मिनिटं या वनस्पतीचं कुळ समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि जाताना पुन्हा म्हणाले, "घरी लहान पोरं न्हाईत ना?"

रविवारी सकाळी मी पानांना बेसन लावत होतो, तेव्हा माझे हात मनगटापर्यंत चुरचुरत होते. मी नवीन साबणाला दोष दिला. सुनंदा आत डोकावली.

"चिंच घातलीत ना भरपूर?"

"नाही. निनादचा फोन होता. आत्यांना पित्त आहे, आंबट चालत नाही."

"अहो, चिंचेशिवाय अळू?"

"गूळ वाढवलाय की!"

वड्या उकडल्या, कापल्या, खमंग तळल्या. चाखून मात्र बघितल्या नाहीत. डॉक्टरांनी मला तळलेलं बंद केलंय. (त्या डॉक्टरांचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही.)

बरोबर चारला मंडळी आली. शकूआत्यांनी बसायच्या आधीच सुरुवात केली. "लिफ्ट फार हळू आहे. पत्रिका पाहिलीत का? मुलगी लग्नानंतर नोकरी करणार, मग घर कोण बघणार?" मुक्ताचा चेहरा पडला. निनाद गालिच्याची नक्षी मोजू लागला. मी घाईघाईनं अळूवड्यांची बशी पुढे केली. आत्यांनी तीन घेतल्या. निनादच्या वडिलांनी चार!

आणि चमत्कार झाला. आत्या बोलायच्या थांबल्या. सगळेच थांबले. माझ्याकडे चार जण डोळे विस्फारून, श्वास रोखून बघत होते. सत्तावीस वर्षांत असा वर्ग मला लाभला नव्हता! मला राहवेना.

"झाडांची गंमत असते बघा," मी सुरू झालो. "त्यांना पळता येत नाही. मग कुणी काटे वाढवतं, कुणाला चीक येतो, कुणी पानं कडू करून ठेवतं."

निनादच्या आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. विषय त्यांना भिडला होता!

"आता हेच अळू घ्या. याच्या पानात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक सुयांचे जुडगे असतात. कुणी चावलं की त्या सुया सुटतात आणि थेट टोचतात, त्या कुठे..."

निनादच्या वडिलांनी बोट स्वतःच्या घशाकडे नेलं.

"शाब्बास! घशात!"

आणि मग माझंच वाक्य माझ्या कानात शिरलं.

"अगं सुनंदा!" मी ओरडलो. "चिंच! आमसुलं! ताक! असेल ते आण!"

पुढची वीस मिनिटं आमच्या दिवाणखान्यात खाकरण्याखेरीज आवाज नव्हता. सुनंदा चिंचेचं पाणी देत होती, मुक्ता ताकाचे पेले भरत होती. आंबट न चालणाऱ्या शकूआत्यांनी चिंचेचं पाणी तीनदा मागून घेतलं, तेही खुणेनं. मी मध्ये उभा राहून "जिवाला धोका नसतो, नुसतं खवखवतं" असा धीर देत होतो. मुक्तानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिनं तर एकही वडी खाल्ली नव्हती. तेव्हा मात्र मला उमगलं. लेकीचं लग्न मी बेसनात गुंडाळून तळून टाकलं होतं!

अखेर आत्यांना आवाज फुटला. घोगरा, पण स्पष्ट.

"वड्या मुलीनं केल्या?"

"नाही हो," सुनंदा म्हणाली, "ह्यांनी."

"आणि ताक इतक्या तत्परतेनं कुणी दिलं?"

"मुक्तानं."

आत्यांनी पदरानं तोंड टिपलं. "मग माझी हरकत नाही. उलट मुलीला या घरातून लवकर बाहेर काढलेलं बरं."

पत्रिकेचा विषय निघालाच नाही. महिना ठरला, याद्या ठरल्या, सगळं मोजक्या शब्दांत, कारण जास्त बोलणं कुणालाच परवडत नव्हतं.

आता लग्नाची तयारी जोरात आहे. जेवणाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालाय. त्यात दोन्हीकडची सगळी मंडळी आहेत, केटरर आहे, केटररचा मेहुणासुद्धा आहे. मी नाही. मी रुसलो, तेव्हा मुक्तानं मला सजावटीच्या ग्रुपात घेतलं.

"बघा बाबा, फुलांचं सगळं तुमच्याकडे!"

मी खूश झालो. शेवंती की निशिगंध, यावर ग्रुपात सविस्तर टिपणही टाकलं. लगेच शकूआत्यांचं उत्तर आलं, "फुलं प्लॅस्टिकची ठरली आहेत. तुमच्यामुळेच."