गप्प बसायचा तास

सलूनवाल्याला सगळे रेडिओ म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की हा लागायचा, आणि ते उठून घरी गेलं तरी बंद व्हायचा नाही. त्यात धंद्याचं शास्त्र होतं. वस्तऱ्याखाली माणूस घाबरला की हलतो. त्याला बोलण्यात गुंतवला की मान दगडासारखी स्थिर राहते.

अशा माणसाला कॅन्सर झाला तो नेमका स्वरयंत्राचा. केमो झाली, किरणोपचार झाले. सलूनवाल्याचेच केस विरळ झाल्यावर हळहळावं की दुसरं दुकान शोधावं, हे गिऱ्हाइकांना कळेना. आता स्कॅन होता. गाठ मेली असेल तर आवाज वाचणार. जिवंत असेल तर स्वरयंत्रच काढावं लागणार.

सिस्टरने शिरेतून औषधी साखर सोडली. “गाठ अधाशी असते. ही साखर ओढून घेते आणि चित्रात उजळते. पण जो स्नायू काम करेल तोही उजळतो. म्हणून तासभर हलायचं नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. तुमच्या मिसेसनी मला बाहेर सगळं सांगितलंय.”

बिनखिडकीच्या त्या खोलीत दोन आरामखुर्च्या, मध्ये पडदा. पलीकडे एक ट्रकड्रायव्हर होता. त्याचे गुडघे असे लटपटत होते की खुर्ची करकरत होती. सिस्टर डोकावून म्हणाली, “असं हललात तर स्कॅन वाया जाईल हं.” त्यावर खुर्ची आणखीच करकरू लागली.

रेडिओने डोळे मिटले. दात आवळले. शेवटी राहवेना.

“काय दादा, गाडी कुठली तुमची?” तो कुजबुजला.

करकर थांबली. मग तासभर थांबलेलीच राहिली.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. “इथे चांगलंच उजळलंय. सुई दिल्यावर बोलला होतात का?”

बायको शेजारीच बसली होती. “छे! शब्द नाही काढला,” रेडिओ म्हणाला.

“मग तुकडा काढून तपासू. ऑपरेशनचीही मनाची तयारी ठेवा.”

घरी तो या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. धार असलेल्या कात्रीला धार लावली. नळ नीट बंद आहे का ते पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

“अहो, बसा ना एका जागी! भोवरा झालाय नुसता.”

“अगं, गळ्याला भोकच पाडतात म्हणे.”

“आजार आहे, त्याला काय करणार?”

“आजार नसेल तर?” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “मी बोललो होतो.”

“किती?”

“हळूच बोललो.”

“किती, विचारतेय मी.”

“तासभर. तो बिचारा हलत होता गं!”

बायकोने कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या हाताने चपला शोधल्या.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून पेन खाली ठेवलं. “लोक माझ्यापासून सिगरेट लपवतात, दारू लपवतात. गप्पा लपवणारे तुम्ही पहिलेच. आधी पुन्हा स्कॅन करू.”

या खेपेला पडद्याआड एक बाई होती. सुई टोचल्यापासून ती पाय हलवत होती. “अहो, त्या मशीनमध्ये कोंडल्यासारखं होतं का हो?” तिने विचारलं. रेडिओने उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं. त्याच्या जिभेवर चार उत्तरं तयार होती. ती त्याने तिथेच दाबून धरली. सिस्टर त्या बाईला घेऊन निघाली तेव्हा दारातून आवाज आला, “माणूस आहे की खांब!”

आयुष्यात त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काही उजळलं नाही. स्वरयंत्र जागेवर राहील. मात्र दर थोड्या महिन्यांनी तपासायला यायचं.” बायको रडायला लागली. रेडिओ केव्हाच दाराबाहेर होता.

बाकावर तीच बाई रिपोर्टची वाट बघत बसली होती, पाय हलवत. त्याला पाहून तिने तोंड फिरवलं. तो शेजारी बसला. ती सरकली. तोही सरकला.

“ताई,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “काल विचारलंत ना, तर कोंडल्यासारखं होतं खरं, पण त्याचं काय आहे…”

“झालं सुरू,” डोळे पुसत बाहेर आलेली बायको म्हणाली, आणि समोरच्या बाकावर ऐसपैस बसली.