मामांनी चाखलेला समुद्राचा गाळ

औरंगपुऱ्यात वाढलेला मी धड पोहायलाही न शिकता एका सरकारी संशोधन जहाजावर प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो. जहाज छोटंच. कच्छच्या बाजूच्या समुद्रात फिरायचं, पाण्याचा खारटपणा मोजायचा, तळाचा गाळ उपसून तपासायचा, एवढंच आमचं काम. देवगाव रंगारीच्या मामांना ते कधी पटलंच नाही. "चिखल बघायला जहाज कशाला? आमच्या वावरात ये की," असं ते फोनवर म्हणायचे.

मागच्या हिवाळ्यात मामा द्वारकेला दर्शनाला आले आणि परतताना आमच्या बंदरात उतरले. कप्तानांनी जहाज दाखवायला परवानगी दिली. मामा धोतर आवरत शिडी चढले. जहाज धक्क्याला बांधलेलं होतं, तरी हलतंय म्हणून त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

प्रयोगशाळेत आमच्या मुख्य शास्त्रज्ञ बाई आदल्या दिवशी मोजून ठेवलेल्या गाळाचं पुन्हा वजन करायच्या तयारीत होत्या. बाई केरळच्या, मोजकंच बोलणाऱ्या. मी ओळख करून देईपर्यंत मामांनी ट्रेमधला चिमूटभर गाळ उचलला, बोटांत चोळला, हुंगला आणि जिभेवर ठेवला.

मी घाईनं ट्रे मागं ओढला. बाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"मॅडम," मामा आठवडी बाजारातल्या हिंदीत म्हणाले, "ये चोपण है. इसमें गहू नै आता."

"चोपण क्या होता है?" बाईंनी विचारलं.

मामांनी माझा दंड सोडला आणि स्टूल ओढून बसले. खारवट जमीन पांढरी कशी पडते, पाणी कसं धरून ठेवते, सगळं सांगितलं. बाई वहीत लिहून घेत होत्या. तीन वर्षांत त्या माझ्याशी एवढं बोलल्या नव्हत्या.

"इसमें शेणखत डालना पडता," मामा शेवटी म्हणाले.

"कितना?" बाईंनी तितक्याच गंभीरपणे विचारलं.

मामांनी खिडकीतून समुद्राकडं पाहिलं. बराच वेळ हिशेब केला. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "लई लागंल."

ते गेल्यावर गाळ वजनात किंचित कमी भरला. बाईंनी नोंदवहीत कारण लिहिलं: नमुन्याचा अल्प भाग पाहुण्यांनी चाखला. महिन्याभरानं मुख्य कार्यालयातून पत्र आलं, सदर पाहुण्यांचा हुद्दा कळवावा. मी 'बागायतदार' असं कळवलं. पुढं कुणी काही विचारलं नाही.

मामांनी मात्र गावात सांगून टाकलं, की भाच्याची नोकरी चांगली हाय, पण जमीन हलकी हाय.