कोपराच्या आतला लाल डाग

मैत्रिणींनो, आज सकाळी लेकीने माझ्यापुढे हात धरला. कोपराच्या आत, काल तेल लावलेल्या जागी, लाल डाग होता.

उद्या तिचा स्टेजवर नाच आहे. मुरमांसाठी मागवलेलं टी ट्री तेल तिला कालच चेहऱ्यावर लावायचं होतं. खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकीमांनी हिंदीत दटावलं, "आधी थोडं खोबरेलात मिसळून हातावर लाव. एक दिवस थांब."

"आई, काकीमा किती पकवते!" लेक घरी येऊन कुरकुरली. पण थांबली.

आज तीच धावत खाली गेली. "काकीमा, चेहरा वाचला!"

"मुरमं तशीच आहेत की गं," काकीमा हसल्या. "असू देत. मी पहिल्या रांगेत बसणार आहे."

परक्या शहरात माझ्या लेकीला असं हक्काने अडवणारं माणूस मिळालं. तुमच्याकडे कोण आहे?